आनंदवनाकडे सायकलने निघण्यापूर्वी

प्रिय मैत्रिणीस,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत ओळख झालेले तुम्ही माजी शिबिरार्थी पुण्याहून वरोऱ्याच्या आनंदवनापर्यंत, म्हणजे बाबा आमट्यांनी कुष्ठरुग्णांसाठी वसवलेल्या वसाहतीपर्यंत, सायकलने जाणार आणि त्या निमित्ताने ती चालवणाऱ्या महारोगी सेवा समितीच्या कामासाठी निधी उभा करणार, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. मार्ग कोणता घ्यावा, रोज किती अंतर कापावे, सोबत काय न्यावे, असे तू विचारले आहेस. त्याविषयी पुढे लिहितेच. पण जो प्रश्न तू विचारलेला नाहीस तो मला आधी घ्यावासा वाटतो. तुम्ही लोकांकडे पैसे नेमके कशासाठी मागणार आहात?

आवाहनाचा जो मसुदा तू पाठवला आहेस त्यात तुमच्या कष्टांचे वर्णन पुष्कळ आहे आणि आनंदवनाविषयी जेमतेम दोन ओळी आहेत. आनंदवनाला देणग्या लागतात आणि लोक त्या देतातही. परंतु निव्वळ दयेपोटी दिलेले दान माणसाला दुबळे करते आणि काम त्याला उभे करते, अशी बाबा आमट्यांची आयुष्यभराची धारणा होती. बोटे झडलेल्या हातांनी तिथे जमीन कसली गेली, विहिरी खणल्या गेल्या, हातमाग चालले, ते याच धारणेतून. अशा ठिकाणासाठी पैसे मागताना रुग्णांची कीव येईल असा मजकूर लिहिणे जितके अयोग्य, तितकेच आपल्या दुखऱ्या गुडघ्यांची कीव येईल असा मजकूर लिहिणेही अयोग्य आहे. देणाऱ्याला हे स्पष्ट कळले पाहिजे, की पैसा अमुक एका कामासाठी जाणार आहे आणि ते काम संस्थेला हवे आहे. म्हणून पोस्टर छापण्याआधी संस्थेला पत्र लिहून तिची गरज विचारून घे. आपण मनाने ठरवलेली वस्तू तिच्या दारात नेऊन ठेवणे ही मदत नव्हे.

याच संदर्भात बाबांच्या ‘भारत जोडो’ सायकलयात्रांची आठवण ठेव. डिसेंबर १९८५ मध्ये बाबांच्या नेतृत्वाखाली शंभराहून अधिक तरुण-तरुणी कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलने निघाले आणि त्यांनी ५,००० किलोमीटरांहून अधिक अंतर कापले. १९८८ मध्ये दुसरी यात्रा निघाली, ती अरुणाचलातील इटानगरहून गुजरातच्या ओख्याकडे. पाठीच्या कण्याच्या विकारामुळे बाबांना बसता येत नसे, म्हणून ते गाडीत आडवे पडून सोबत होते. त्या यात्रा निधीसाठी नव्हत्या. पंजाब धुमसत होता, दिल्लीतील १९८४ च्या हत्याकांडाला जेमतेम वर्ष उलटले होते, आणि अशा काळात गावोगावच्या माणसांशी एकोप्याविषयी बोलायचे होते. त्यासाठी सायकलच योग्य होती, असे मला नेहमी वाटत आले आहे. सायकलवरच्या माणसाला पाण्यासाठी थांबावे लागते, रस्ता विचारावा लागतो, टायर पंक्चर झाला तर तासभर कोणाच्या तरी ओसरीवर बसावे लागते, आणि तिथे बोलणे सुरू होते. तुमच्या यात्रेतही निधीइतकेच मोल या बोलण्याला द्या.

त्या बोलण्याची तयारी मात्र करावी लागेल. ‘कुष्ठरोग तर संपला ना?’ असे तुम्हाला ठिकठिकाणी विचारले जाईल. तुमच्यापैकी प्रत्येकाला याचे उत्तर देता आले पाहिजे. बहुविध औषधोपचार, म्हणजे एकाच वेळी अनेक औषधे देण्याचा उपचार, १९८० च्या दशकात सुरू झाला, तो सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो, रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्यावा लागतो, आणि तो सुरू झाल्यावर रुग्णापासून संसर्गाचा धोका लवकरच उरत नाही. दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे राष्ट्रीय पातळीवरचे उद्दिष्ट भारताने डिसेंबर २००५ मध्ये गाठले. तरीही जगात दरवर्षी नोंदल्या जाणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही आपल्याच देशात असतात, आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा पट्टा त्यातून सुटलेला नाही. त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्या जागी स्पर्श कळत नसेल, तर लाजून घरी न बसता तपासून घ्यावे, एवढे एक वाक्य शंभर गावांत नीट पोहोचले तरी तुमच्या जाण्याला अर्थ आहे. बरे झालेल्या माणसाला ‘महारोगी’ म्हणू नका, आणि विचारल्याशिवाय कोणाचे छायाचित्र घेऊ नका. झडलेल्या बोटांचे छायाचित्र आवाहनात तर मुळीच नको.

आता पैशाविषयी, आणि इथे मी थोडी कठोर होणार आहे. यात्रेचा सगळा खर्च, म्हणजे टेम्पोचे भाडे, जेवण, मुक्काम, टी-शर्ट, सायकलींची दुरुस्ती, तुम्ही स्वतःच्या खिशातून करा. देणगीतून एक रुपयाही त्याकडे वळता कामा नये. एखाद्या व्यापाऱ्याने केवळ प्रवासखर्चासाठी पैसे दिले, तर ते वेगळ्या खात्यावर मांडा आणि तसे जाहीरही करा. गटाच्या किंवा कोणाच्या वैयक्तिक खात्यात देणग्या घेऊ नका; देणाऱ्याने थेट संस्थेच्या खात्यात पैसे भरावेत आणि पावती संस्थेनेच द्यावी. महाराष्ट्रात नोंदणी नसलेल्या गटाने लोकांकडून धर्मादाय निधी गोळा करण्यावर कायद्याची बंधने आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. २,००० रुपयांवरील रोख देणगीला ज्याला सगळे ‘८० जी’ म्हणतात ती प्राप्तिकराची सवलत मिळत नाही, हेही देणाऱ्याला आधीच सांगावे.

तुमच्यातील काही जण आता अमेरिकेत आहेत आणि तिथल्या मराठी मित्रांकडून मोठी रक्कम मिळेल, असे तू लिहिले आहेस. तिथे विशेष जपावे लागेल. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी मित्राने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी विदेशी मानली जात नाही. पण ज्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आहे त्याची देणगी विदेशी ठरते, मग तो शुद्ध पुणेकर का असेना. अशी देणगी केवळ परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी झालेल्या संस्थेलाच, आणि तीही दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील तिच्या ठरलेल्या खात्यातच, घेता येते. तुम्ही ती आपल्याकडे घेऊन पुढे पाठवली, तर चांगल्या हेतूने का होईना, संस्थेलाच अडचणीत आणाल.

‘दर किलोमीटरमागे इतके रुपये’ अशा स्वरूपात लोकांकडून शब्द घ्यायची कल्पना तुझ्या मित्राने मांडली आहे. ती सोडून द्यावी, असे माझे ठाम मत आहे. एकदा पैसा किलोमीटरला बांधला, की ताप आलेला मुलगा टेम्पोत बसायला तयार होत नाही आणि अंधार पडला तरी गट थांबायला तयार होत नाही. देणगी कामासाठी आहे. तुम्ही पोहोचा अथवा न पोहोचा, ती मिळाली पाहिजे.

मार्गाचे म्हणशील तर समृद्धी महामार्गाचा विचारही नको, तिथे दुचाकींना प्रवेश नाही. अहिल्यानगर, पाथर्डी, माजलगाव, परभणी, नांदेड आणि तिथून यवतमाळ, वणीमार्गे वरोरा हा रस्ता ७०० किलोमीटरांच्या वर जाईल, पण वाटेत गावे भरपूर आहेत. ३० जानेवारीला, म्हणजे गांधीजींच्या पुण्यतिथीला पाळल्या जाणाऱ्या कुष्ठरोग निवारण दिनी, पोहोचायचे असेल, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून येतो आणि तुम्ही पूर्वेला जाणार आहात. सपाट रस्ता पाहून आखलेले दिवसाचे १२० किलोमीटर त्या वाऱ्यात फार जड जातात. ८०-९० पुरेत, आणि मध्ये एक दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवा. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. तेव्हा ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात असतो. अहिल्यानगर आणि बीड जिल्ह्यांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात, आणि त्यांतील अनेकांना मागे दिवा नसतो. दिवस मावळण्याआधी, शक्यतो चारच्या आत, मुक्काम गाठलाच पाहिजे. वणीच्या पुढे कोळशाचे ट्रक आणि धूळ आहे. तो टप्पा सकाळीच उरका आणि तोंडाला रुमाल बांधा.

सायकल नवी घेण्याची गरज नाही. आहे तीच चांगल्या कारागिराकडून दुरुस्त करून घ्या, आणि दोन महिने दर रविवारी सामानासह चालवा. जादा ट्यूब, पंप, चेनचा जोड, ओआरएस, गूळ-शेंगदाणे सोबत असू देत. हेल्मेटविषयी चर्चाच नको.

शेवटी तुमच्या गटाविषयी. छावणीत पहाटे उठून फावडी चालवणारे तुम्ही आता तिशीत आहात. कोणाची मुले लहान आहेत, कोणाची कंबर दुखते, कोणाला रजा मिळत नाही. या सर्वांना यात्रेत जागा मिळाली पाहिजे. टेम्पो चालवणे, हिशेब लिहिणे, पुढच्या गावातील शाळेत किंवा मंगल कार्यालयात निवाऱ्याची सोय लावणे ही कामे सायकल चालवण्याहून कमी प्रतीची नाहीत, आणि ती करणाऱ्यांची नावे फलकावर त्याच ओळीत असावीत. वरोऱ्याला पोहोचल्यावर सत्कार स्वीकारून दुसऱ्याच दिवशी गाडीने परत फिरू नका. चार दिवस राहून जे काम सांगितले जाईल ते करा. तुम्ही शिबिरार्थी आहात, तुम्हाला ते जमते.

संस्थेचे उत्तर आले, की मला कळव. मग मुक्कामांचा तक्ता आपण एकत्र बसून करू. परभणी आणि नांदेडकडे माझ्या ओळखीचे काही शिक्षक आहेत, त्यांच्या कानावर मी आताच घालून ठेवते. जमाखर्चाचा कच्चा कागदही सोबत आण.

तुझी,
सोमनाथची एक जुनी शिबिरार्थी