बंद पडलेली जुनी बुलेट घरच्या घरी चालू करता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची १९८७ ची बुलेट ३५० चिपळूणच्या घरी पडवीत २०१७ पासून उभी आहे. किक दाबली जाते, पण गाडी काही सुरू होत नाही. मेकॅनिक म्हणतो इंजिन उतरवावं लागेल. घरी काही करता येईल का, आणि सुरुवात कुठून करायची?

करता येईल. फक्त आजपासून किक मारणं बंद करा. सुरू होईल म्हणून येणारा-जाणारा एकेक किक मारून बघतो, तो प्रकार तर आधी थांबवा. नुसतं उभं राहून इंजिनाचं फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते कोरड्या, गंजक्या सिलिंडरमध्ये पिस्टन जोरजोरात वरखाली केल्यावर.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. जुलै २०२१ च्या पुरात गाडीला पाणी लागलं होतं का? मी कोल्हापूरचा, म्हणून हा प्रश्न आधी सुचतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आमच्या गल्लीत शिरली तेव्हा माझी बुलेट सीटपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर गल्लीतल्या बहुतेकांनी गाडी पुसली आणि किक मारली. मीही मारणार होतो, पण चिखलात चावी सापडेना म्हणून राहिलं. दोन दिवसांनी इंजिनाखालचा ऑइलचा नट खोलला तर ऑइल नाहीच, आधी पाणी आलं. गढूळ, चांगलं तांब्याभर. मग धार दाट होत गेली आणि घमेल्यात दुधाच्या चहासारखं काहीतरी जमा झालं. पाणी जड म्हणून तळाला बसतं, पहिल्यांदा तेच बाहेर येतं. किक मारली असती तर तेच पाणी ऑइलच्या पंपाने क्रँककडे, म्हणजे पिस्टनला जोडलेल्या फिरत्या दांड्याकडे, ढकललं असतं.

तेव्हा तुमचंही पहिलं काम तेच: ऑइल काढा. ओतू नका, काढा. बुलेटच्या या जुन्या बिडाच्या इंजिनात ऑइलची टाकी वेगळी नसते, क्रँककेसच्याच (क्रँक ज्यात बसतो त्या खालच्या डब्याच्या) मागच्या भागात असते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की त्या टाकीतलं ऑइल पंपातून झिरपत झिरपत क्रँकच्या खाली जाऊन बसतं. वर काडी घालून बघितलं तर वाटतं ऑइल संपलंय, म्हणून माणूस नवीन ओततो. मग गाडी सुरू झालीच तर गल्लीभर पांढरा धूर आणि ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून ऑइलची पिचकारी. अशी गाडी 'रिंग गेली, बोअर करा', म्हणजे पिस्टनच्या कड्या झिजल्या, सिलिंडर घासून घ्या, म्हणून उघडलेली मी एकदा बघितली आहे. आत रिंग ठणठणीत होती. खाली ऑइलच्या टाकीचा नट वेगळा आणि सम्पचा, म्हणजे क्रँकखालच्या जागेचा, वेगळा असतो, दोन्ही खोला. काळं ऑइल निघालं तर निश्चिंत व्हा. पाणी किंवा चहा निघाला तर पुढचं सगळं सोडा आणि मेकॅनिकचं ऐका. पुराचा गाळ आत गेला असेल तर इंजिन उघडल्याशिवाय तो निघत नाही, आणि बिग एंडच्या बुशला (क्रँकवर फिरणाऱ्या बेअरिंगला) गाळ सहन होत नाही.

काळं ऑइल निघालं असं धरून पुढे जातो. स्पार्क प्लग काढा, त्या भोकातून दोन-तीन चमचे ऑइल सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी गाडी मेन स्टँडवर घ्या, टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हाताने हळूहळू मागेपुढे हलवा. इंजिन फिरताना कसं लागतंय ते हाताला कळतं. पायाला कळत नाही. कुठे खरखर लागली तर थांबा, आणखी ऑइल सोडा, आणखी एक दिवस द्या. मोकळं फिरायला लागलं की टायमिंग कव्हरमधला ऑइल फिल्टर बदला. त्याची स्प्रिंग आणि वायसर कोणत्या क्रमाने निघाले त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मग २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल भरा. महागडं सिंथेटिक नको.

पान्यांबद्दल एक सूचना. बुलेटवरचे सगळे नट मिलिमीटरच्या पान्यात बसत नाहीत, काही इंची मापाचे आहेत. 'जवळपास बसतोय' असा पाना लावला की नटाचे कोपरे गोल झालेच म्हणून समजा. माझ्या गाडीचे दोन नट असे आधीच्या मालकाने गोल केलेत आणि तिसरा मी.

आता पेट्रोल. टाकीतलं जुनं पेट्रोल रॉकेलपेक्षाही वाईट, वास घेतला तरी कळेल. ते काढा, टॉर्चने आत बघा. कोकणातल्या हवेत इतकी वर्षं म्हणजे गंज असणारच. किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर टाकीत भरून दोन दिवस ठेवा, अधूनमधून हलवा, मग पाण्यात खायचा सोडा घालून खळखळून धुवा आणि उन्हात कडक वाळवा. लगेच थोडं ऑइल आत फिरवलं नाही तर संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस होते. पेट्रोलची नळी आणि कॉकची रबरं बघायचीसुद्धा नाहीत, सरळ नवीन टाका. हल्ली पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं आणि जुनं रबर फुगवतं.

कार्बोरेटर खोलायला लोक उगाच घाबरतात. या गाडीच्या मिककार्ब कार्बोरेटरमध्ये आहे काय? फ्लोट, सुई, दोन जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं. बहुतेक वेळा दोष छोट्या, म्हणजे पायलट जेटमध्ये असतो. वाळलेल्या पेट्रोलची पिवळी लाख तिथे चिकटते. जेट काढून उजेडाकडे धरा. बारीक गोल भोक स्वच्छ दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर साध्या वायरमधली तांब्याची एक तार घाला. टाचणी किंवा सुई घालू नका, भोक मोठं झालं की ते जेट वाया गेलं. परत जोडताना ॲक्सिलरेटरच्या स्लाइडची (मुठीबरोबर वरखाली होणाऱ्या नळकांड्याची) कापलेली बाजू एअर फिल्टरकडे आली पाहिजे. उलटी बसली तर सुरू होताक्षणी गाडी किंचाळत सुटते आणि मूठ सोडली तरी खाली येत नाही.

ठिणगीचं म्हणाल तर १९८७ ची म्हणजे पॉइंटवरची गाडी, म्हणजे दोन धातूचे संपर्क उघडले की ठिणगी पडते, अर्थात मध्ये कोणी सीडीआय (इलेक्ट्रॉनिक ठिणगी) बसवलं नसेल तर. आधी बॅटरी ६ व्होल्टची की १२ व्होल्टची ते बघा. जुन्या गाड्यांत अर्धं सामान मधेच बदललेलं असतं आणि बल्ब-कॉइलचा मेळ बसत नाही. इतकी वर्षं उभ्या गाडीच्या पॉइंटवर राखाडी थर चढतो. बारीक पॉलिश पेपर एकदा-दोनदा फिरवा, मग पेट्रोलने भिजवलेला कोरा पुठ्ठा मधून ओढा, कारण पेपरची धूळ राहिली तरी ठिणगी पडत नाही. पॉइंट पूर्ण उघडलेले असताना फिलर गेजने (पातळ मापाच्या पट्टीने) मधली फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा. कंडेन्सर नवीन घालाच, स्वस्त असतो आणि गाडी गरम झाल्यावर नेमका तोच दगा देतो. डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे पॉइंट ज्यावर बसलेत ती, प्लेट मात्र हलवू नका. हलवावीच लागली तर आधी खिळ्याने खूण करून ठेवा.

कारण टायमिंग पुढे गेलं, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडली, की बुलेट किक परत मारते. मी एकदा पायात चप्पल असताना हे अनुभवलंय, घोट्याला तीन आठवडे पट्टी होती. बूट घाला आणि वडील करत असतील तसंच करा: चावी चालू, किक हळूहळू दाबत जा आणि हेडलाइटवरच्या अँपिअरच्या काट्याकडे बघत राहा. काटा उणेकडे जाईल, मग मधे येईल. मधे आला म्हणजे पॉइंट उघडले, पिस्टन वर पोहोचलं. तिथे डाव्या मुठीखालचं डिकॉम्प्रेशनचं (सिलिंडरमधला दाब सोडणारं) छोटं लिव्हर दाबा, किक आणखी थोडी सरकवा, लिव्हर सोडा, किक वर येऊ द्या. मग एकच, पूर्ण, शेवटपर्यंत. अर्ध्यात सोडायची नाही. सगळं जमलेलं असेल तर चार-पाच प्रयत्नांत धडधड ऐकू येईल.

सुरू झाली की आनंदात ॲक्सिलरेटर पिळू नका. हेडकडे, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या भागाकडे, जाणाऱ्या ऑइलच्या बारीक पाइपचा वरचा बोल्ट अर्धा फेरा सैल करा. तिथून ऑइल पाझरलं तर पंप काम करतोय. मिनिटभरात काही आलं नाही तर लगेच बंद करा. टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) खटखट असेल तर गाडी पूर्ण थंड झाल्यावर, पिस्टन वर असताना, पुशरॉड (व्हॉल्व्हकडे जाणारी उभी काडी) बोटांनी गरगर फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये, इतकाच हिशोब.

टायर कितीही नवे दिसले तरी बदला. बाजूवर चार आकडी खूण असते, ३२१६ म्हणजे २०१६ चा ३२ वा आठवडा. ब्रेक शू चिकटलेले असतील, ड्रम उघडून घासा. आरसीची तारीखही बघून ठेवा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं आणि तुमच्या गाडीचं बहुधा राहिलेलं आहे.

आणि तुम्ही आजवर नव्या गाड्याच चालवल्या असतील तर पहिली फेरी अंगणात किंवा मोकळ्या मैदानावर मारा. या गाडीचा गिअर उजव्या पायाला आहे, एक वर आणि बाकी खाली, आणि ब्रेक डाव्या पायाला. समोर कुत्रं आडवं आलं की डोकं नाही, पाय ठरवतो. तुमचा उजवा पाय ब्रेक समजून गिअर दाबेल. मी स्वतः कोल्हापुरात बिंदू चौकाजवळ एका भाजीच्या हातगाडीत असाच घुसलो होतो, वांग्यांचे पैसे भरून दिले.

पुराचं तेवढं कळवा. पाणी लागलं असेल तर नट खोलल्यावर काय निघालं त्याचा फोटो टाका, मग पुढचं बघू.