एएमएच (अंड्यांच्या साठ्याची रक्ततपासणी) ०.९ आलंय, २१व्या दिवसाचं प्रोजेस्टेरॉनही कमी. आता दिवस राहणारच नाहीत का?

तुमचं वय ३१, पाळी दर ३५ दिवसांनी येते आणि सहा महिने ट्राय करताय, एवढ्यावरून आणि त्या दोन रिपोर्टवरून 'राहणारच नाही' असं कुणी सांगितलं असेल तर ते जरा बाजूला ठेवा. मी डॉक्टर नाही, पण या टेस्टच्या चक्रातून गेलेय आणि प्रत्येक आकड्यामागे डॉक्टरांचं डोकं खाल्लंय.

आधी प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन, कारण मला तर तिथेच घोळ दिसतोय. ते वाढतं अंडं बाहेर पडल्यानंतर, आणि बघायचं असतं पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी. २१वा दिवस हा २८ दिवसांची पाळी असणाऱ्यांचा हिशोब आहे, तुमचं ओव्ह्युलेशनच (अंडं बाहेर पडणं) बहुतेक २१व्या दिवसाच्या आसपास होत असणार, म्हणजे त्या दिवशी रक्त दिलं तर कमीच येणार की! २८व्या दिवसाच्या आसपास परत करू का असं विचारा. ओव्ह्युलेशन ते पाळी हे अंतर बहुतेकींचं १२ ते १४ दिवस असतं, मागेपुढे होतो तो पाळीनंतरचा पहिला भाग, म्हणून १४वा दिवस धरून बसलात तर खरे दिवस हातचे जातील. अंडं जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत राहू शकतात, त्यामुळे आधीचे दिवस जास्त महत्त्वाचे. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा, बोटांत धरून ताणला जाणारा स्राव दिसला की एक दिवसाआड संबंध ठेवा. एलएचची पट्टी (अंडं सुटण्याआधी वाढणारं हे हार्मोन लघवीत तपासणारी) वापरत असाल तर दुसरी रेघ नुसती दिसून उपयोग नाही, पहिलीएवढी गडद किंवा त्याहून गडद हवी, मग पुढच्या २४ ते ३६ तासांत अंडं सुटतं. (पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास, असेल तर ही पट्टी फसवते, एलएच आधीच वाढलेलं असतं.)

आता एएमएच. ते अंडाशयात साठा साधारण किती उरलाय ते सांगतं, अंडी चांगली की वाईट ते नाही, आणि या महिन्यात दिवस राहतील का तेही नाही. महिन्याला अंडं एकच लागतं ना! आयव्हीएफमध्ये (टेस्ट ट्यूब बेबी) इंजेक्शननं किती अंडी मिळतील याच्या अंदाजाला ते खरं कामाचं. रिपोर्टवरचं युनिटही बघा, ०.९ नॅनोग्रॅम आणि ०.९ पिकोमोल यात सातपट फरक आहे. गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच बंद केल्या असतील तरी आकडा खाली दिसतो. पण ३१व्या वर्षी ०.९ नॅनोग्रॅम कमीच म्हणायचं, त्यामुळे वर्षभर थांबण्याचा नेहमीचा सल्ला तुम्हाला लागू धरू नका, आत्ताच स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. एफएसएच आणि इस्ट्रॅडिऑल (अंडाशयाचं काम दाखवणारी हार्मोन्स) पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशीच द्यायचं, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन) झालं नसेल तर तेही.

आणि तुमच्या प्रश्नात नवऱ्याच्या टेस्टचा उल्लेखच नाही!! वीर्यतपासणी सगळ्यात सोपी, सुई नाही काही नाही, दोन ते सात दिवस संयम पाळून सँपल द्यायचं, झालं. जिमसाठी टेस्टोस्टेरॉन घेत असतील तर डॉक्टरांना सांगायलाच हवं, त्याने शुक्राणू शून्यावर येऊ शकतात.

फॉलिक अ‍ॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम चालू असेलच, नसेल तर आजच विचारून घ्या. केसांसाठी बायोटिन (एक व्हिटॅमिन) घेत असाल तर रक्त देण्याआधी लॅबवाल्यांना सांगा, थायरॉइडचे आकडे त्याने चुकीचे येतात.