शेणखत घातलं, तरी कांदा पिवळा का?

प्रश्न: लागवडीच्या आठ दिवस आधी उकिरड्यातलं शेणखत एकरी चार ट्रॉली टाकलं. आता रोपं पिवळी पडलीत, वाढ खुंटलीय. खतात पांढऱ्या अळ्याही दिसल्या.

उत्तर: खत कच्चं राहिलंय. त्यातला काडीकचरा कुजवताना जिवाणू जमिनीतलाच नत्र ओढून घेतात, मग काही आठवडे पिकाची उपासमार. मात्र आधी दोन-चार रोपं उपटून पाहा. मुळं सडलेली असतील तर दोष बहुधा पाणी साचण्याचा आहे. मुळं पांढरी असतील तर नत्राचा हप्ता विभागून द्या, शिवाय 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम युरिया मिसळून संध्याकाळी फवारा.

उकिरड्याचा खोल खड्डा हेच खरं दुखणं. तळाशी हवा पोचत नाही. त्यापेक्षा जमिनीवर 5 फूट रुंद, 4 फूट उंच ढीग लावा. मूठभर खत दाबल्यावर हात ओला व्हावा, पाणी टपकू नये. दर 20-25 दिवसांनी बाहेरचं आत, आतलं बाहेर करा. मधली उष्णता 55 अंशांवर गेली की तणाचं बी बहुतेक मरतं. तीन-चार महिन्यांत खत काळपट, भुसभुशीत होतं, शेणाचा वास जातो.

सगळ्याच पांढऱ्या अळ्या हुमणी (पिकाची मुळं खाणारी अळी) नसतात, काही फक्त कुजकं खातात. तरी शंका असेल तर कुजलेल्या खतात एकरी 4 किलो मेटारायझियम (अळ्या मारणारी बुरशी) मिसळा. आणि शेतात ढिगल्या उन्हात ठेवू नका. पसरलं त्याच दिवशी वखर फिरवा, नाहीतर नत्र अमोनिया वायू होऊन उडून जातो.