जुना डेस्कटॉप चालेल, आधी गच्चीवर जाऊन या

तुम्ही विचारलंय की घरात जुना ड्युअल कोर डेस्कटॉप धूळ खात पडलाय, गच्चीवर फ्री डिशची छत्री आहे आणि आईंना सह्याद्रीवरचे कार्यक्रम त्यांच्या सोयीने बघायचेत. तर त्याचा रेकॉर्डर होईल का, की आधी प्रोसेसर बदलावा लागेल?

होईल. प्रोसेसरला हातही लावू नका. छत्रीतून येणारं चित्र आधीच दाबून, डिजिटल होऊनच येतं. कॉम्प्युटरने ते फक्त उचलून डिस्कवर ठेवायचं. साधं चॅनल ४ एमबीपीएसने येत असेल तर तासाला १.८ जीबी जागा लागते, म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर साडेपाचशे तास बसतात. माझ्याकडे हे काम नाशिकच्या सिडकोतल्या घरी असाच एक म्हातारा कॉम्प्युटर बिनतक्रार करतो.

विकत घ्यायचं ते डीव्हीबी-एस२ ट्यूनर कार्ड (छत्रीचा सिग्नल कॉम्प्युटरला वाचून देणारं), किंवा त्याचा यूएसबी डबा. लिनक्सवर चालतो ना, एवढं दुकानदाराला नाही, स्वतःच नेटवर बघून घ्या. लिनक्स टाकून त्यावर टीव्हीहेडएंड हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर बसवा. ब्राउझरमध्ये ९९८१ पोर्टवर त्याचं पान उघडतं आणि तिथेच वेळ लावता येते. कार्यक्रम आधी सुरू होतात, उशिरा संपतात, म्हणून मागेपुढे दहा-दहा मिनिटं जास्त ठेवा. एकाच ट्रान्सपाँडरवरचे (उपग्रहाच्या एकाच फ्रिक्वेन्सीवर एकत्र येणारे) दोन-तीन चॅनल एका ट्यूनरवर एकदम घेता येतात, ही गंमत सेट-टॉप बॉक्समध्ये सहसा मिळत नाही. पण हे फक्त खुल्या चॅनलांपुरतं. पैसे भरून बघायचे डीटीएच चॅनल कुलूपबंद असतात, त्यांच्या मागे लागू नका.

आता गच्चीची गोष्ट. पहिल्या पावसाळ्यात माझी रेकॉर्डिंगं फुटायला लागली; चेहऱ्यांचे चौकोन, आवाज तुटक. मी डिस्कला दोष दिला, साटा केबल बदलली, लिनक्स पुन्हा टाकून पाहिलं. शेवटी एलएनबीचा (छत्रीपुढे दांड्यावर बसवलेला, सिग्नल पकडणारा भाग) एफ कनेक्टर, म्हणजे केबलच्या टोकाची पिळून बसणारी टोपी, काढला तर आतून थेंबभर पाणी पडलं आणि तांब्याची तार हिरवी झालेली. नवा कनेक्टर, वर रबरी टेप, खाली केबलला एक लोंबता वळसा (पाणी तिथून गळून जातं), आणि रेकॉर्डिंग फुटणं थांबलं. जोरदार सरीत सिग्नल जातो तो वेगळा, त्याला इलाज नाही. उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे नाशिकहून आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५७-५८ अंश वर. छत्री मात्र बरीच उभी दिसते, कारण ती ऑफसेट असते, म्हणजे दिसते त्याहून वरच्या बाजूचा सिग्नल पकडते. ती वाकडी बसली आहे असं समजून कुणी 'सरळ' करू नये. आमच्या शेजाऱ्यांनी केली होती. सेट-टॉप बॉक्सही चालू ठेवायचा असेल तर दोन तोंडांचा एलएनबी घ्या, दोघांना आपापली केबल.

दिवे जाण्याचं काय? छोटा यूपीएस घ्या, आणि बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच उघडता येणारी त्याची मूळ सेटिंग) वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय चालू करा. रेकॉर्डिंग टीएस स्वरूपातच, म्हणजे छत्रीतून येतं तसंच, राहू द्या. मध्येच वीज गेली तरी तोपर्यंतचा भाग चालतो. एमपी४ची फाइल अर्धवट राहिली तर बहुधा उघडतच नाही. कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू ठेवलात तर ६० वॅटने महिन्याला ४३ युनिट होतात, म्हणून तो एरवी बंद ठेवून आरटीसी अलार्मने (कॉम्प्युटरच्या आतल्या घड्याळाचा गजर) कार्यक्रमाआधी उठायला शिकवा. ते जमवायला मला दोन रविवार लागले.

बघताना हलत्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसल्या तर घाबरू नका. प्रक्षेपण इंटरलेस्ड असतं, म्हणजे चित्राच्या एकाआड एक ओळी आळीपाळीने येतात. व्हीएलसी प्लेअरमध्ये डीइंटरलेस चालू करा, जातात.

आणि आईंना रोज एकच मालिका बघायची असेल, तर पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करणारा फ्री डिशचा बॉक्स आणा. एवढा खटाटोप त्यासाठी करू नका.