कॅप्नोग्राफीतला धूर आणि आपला कोप

प्रश्न असा आलाय की हार्टच्या ऑपरेशनमध्ये जी कॅप्नोग्राफी असते तिला मराठीत काय म्हणायचं, आणि हार्ट-लंग मशीनवर घेतल्यावर तिची रेघ आडवी का होते.

पहिल्यांदा एक. कॅप्नोग्राफ म्हणजे 'ऑक्सिजन दाखवणारं यंत्र' नव्हे हो! बोटाला चिमटा लावतात तो पल्स ऑक्सिमीटर, वेगळी वस्तू, दोघांची सरमिसळ ऐकून कान किटलेत. कॅप्नोग्राफ बाहेर सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजतो, त्या वायूने इन्फ्रारेड प्रकाश किती शोषला त्यावरून. नुसता आकडा दाखवला तर कॅप्नोमीटर, श्वासागणिक रेघ काढली तर कॅप्नोग्राफ. ग्राफचं काही सांगत बसत नाही.

खरी गंमत कॅप्नोमध्ये. ग्रीक 'काप्नोस' म्हणजे धूर! शरीर अन्न जाळतं, त्याचा धूर नाकातून बाहेर, रक्तात तो साठला की हायपरकॅप्निया. (त्याला 'ऑक्सिजन कमी होणे' म्हणणाऱ्यांना साष्टांग नमस्कार.) आता हा काप्नोस जुन्या व्युत्पत्तिकारांनी आपल्या 'कुप्' धातूशी जोडलाय, म्हणजे कोप, प्रकोप. कुप् म्हणजे फक्त रागावणं असं धरून चालू नका, ऋग्वेदात इंद्राने 'पर्वतान् प्रकुपितान्' स्थिर केले असं आहे, ते डोंगर काही कुणावर चिडले नव्हते, हलत होते, खदखदत होते. वैद्य पित्तप्रकोप म्हणतात तोही तसाच, आतून उसळणं. आणि याच्या उलट बघा, आपल्या 'धूम'चा (म्हणजे धुराचा) ग्रीकांकडचा भाऊबंद 'थुमोस', आणि त्याचा अर्थ जीव, आवेश, राग! म्हणजे आपल्या धुराचा त्यांच्याकडे राग झाला आणि त्यांच्या धुराचा भाऊबंद आपल्याकडे राग, आणि मराठी माणूस अजून रागाने धुमसतोच आहे.

धूम-थुमोसबद्दल फारसा वाद नाही. काप्नोस-कोप म्हटलं की मात्र अलीकडचे कोशकार नाक मुरडतात, त्याच घराण्यात धरलेल्या लिथुआनियन 'क्वापस' (वास, श्वास) मध्ये 'व' आहे मग ग्रीकमध्ये तो कुठे गेला, शब्द ग्रीकांच्याही आधीच्या कुठल्या भाषेतला असेल. वा, एक 'व' सापडत नाही म्हणून अख्खं घराणं बेवारस! अडलं की 'अज्ञात भाषेतून' म्हणायचं, ही व्युत्पत्ती नाही, हात झटकणं आहे. मी जोडणाऱ्यांच्या बाजूचा.

हां, प्रश्न राहिलाच. 'कर्बवायू-आलेख' म्हणा, कळेल तरी, मी मात्र 'धूमालेख' म्हणणार.

आणि ती आडवी रेघ, मशीन चालू असताना रक्त फुप्फुसाकडे न जाता बाहेरून फिरतं, फुप्फुसात कार्बन डायऑक्साइड पोचतच नाही तर श्वासात येणार कुठून, शिवाय व्हेंटिलेटरही बहुतेक वेळा थांबवलेला असतो. तेवढा वेळ धमनीतल्या रक्ताची ब्लड गॅस (रक्तातल्या वायूंची चाचणी) तपासतात, कार्बन डायऑक्साइडचा दाब साधारण 35 ते 45 मिलिमीटर पारा इतका ठेवायचा, आणि पर्फ्युजनिस्ट (मशीन चालवणारा तंत्रज्ञ) ऑक्सिजनेटरमधून, म्हणजे मशीनच्या कृत्रिम फुप्फुसातून, जाणारा गॅसचा झोत कमीजास्त करून तो सांभाळतो, झोत वाढवला की कार्बन डायऑक्साइड जास्त धुतला जातो. फार खाली गेला तर मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून एवढी काळजी. मग मशीनवरून उतरवताना व्हेंटिलेटर सुरू होतो, रक्त परत फुप्फुसात शिरतं आणि धूमालेख डोकं वर काढतो.