आर्मी, नेव्ही, एअरफोर्समधे जवानाची पोस्टिंग नक्की कोण ठरवतं?

दिल्लीत बसून एकच साहेब सगळ्यांची यादी काढतो असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये. आर्मीत ऑफिसर लोकांचं सगळं मिलिटरी सेक्रेटरी ब्रांच बघते, जवान आणि जेसीओंचं (सुभेदार वगैरे) त्या त्या रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे आर्मीच्या इंजिनिअर लोकांचं, खडकीला. आता गंमत अशी की इन्फंट्रीतला जवान एकटा फारसा हलतच नाही, अख्खी पलटणच दोन-तीन वर्षांनी फील्डवरून (सीमेवरचा किंवा अशांत भाग) पीसला (शांत ठिकाणची छावणी) आणि परत फील्डला जाते, तो तिच्याबरोबर जातो. एकट्याची बदली म्हणजे राष्ट्रीय रायफल्स (दहशतवाद्यांशी लढणारं आर्मीचंच दल), एनसीसी नाहीतर रेजिमेंटच्या ट्रेनिंग सेंटरवर इन्स्ट्रक्टर वगैरे.

नेव्हीत खलाशांचं काम मुंबईत मानखुर्दला कॅब्ज म्हणून ऑफिस आहे तिथून चालतं, जहाजावर किती काढली, किनाऱ्यावर किती, ट्रेड (कामाचा प्रकार) काय हे बघून. एअरफोर्सच्या एअरमनचं (ऑफिसर नसलेले जवान) रेकॉर्ड ऑफिस दिल्लीत सुब्रोतो पार्कला.

तिन्ही दलं एकत्र म्हणाल तर अंदमान-निकोबार कमांड 2001 पासून आहे. तिथे अडचण अशी होती की आर्मीचा कमांडर नेव्हीवाल्याला थेट शिक्षा देऊ शकत नव्हता, त्यासाठी 2023 मधे वेगळा कायदा आणला.

आणि हो, घरी आजारपण वगैरे असेल तर कम्पॅशनेट पोस्टिंग मागता येते, पण अर्ज युनिटमार्फतच, आमदाराची चिठ्ठी लावू नका, उलटं अंगाशी येतं.