ठिपक्यातून निघालेली शेपटी

प्रश्न : नासाच्या ‘डार्ट’ यानाने २०२२ मध्ये एका लघुग्रहावर मुद्दाम धडक दिली. तो लघुग्रह दुर्बिणीतूनही ठिपक्याएवढाच दिसतो, मग त्यातून उडालेली धूळ पृथ्वीवरून कशी दिसली? आमची मुलगी विचारते, ते दगड आपल्यावर पडतील का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : मुलीचं आधी. हबल दुर्बिणीला डिसेंबर २०२२ मध्ये तिथे ३७ दगड दिसले, एक ते सात मीटरचे. ताशी जेमतेम एक किलोमीटर वेगाने ते लघुग्रहापासून दूर सरकत होते. पृथ्वीला त्यांच्यापासून धोका नाही, तिला निर्धास्त राहायला सांगा.

आता धूळ. यान ज्यावर आदळलं तो लघुग्रह म्हणजे डायमॉर्फस, जेमतेम दीडशे मीटरचा, स्वतःहून कितीतरी मोठ्या डिडिमॉस या लघुग्रहाभोवती फिरणारा. धडकेच्या वेळी दोघे सुमारे १ कोटी १० लाख किलोमीटर दूर होते, त्यामुळे इथून दोघांचा मिळून एकच ठिपका. घोडबंदर रोडच्या झगमगाटात माझ्या आठ इंची दुर्बिणीतून तोही दिसणं शक्य नव्हतं. म्हणून २७ सप्टेंबरच्या पहाटे मी यानाच्या कॅमेऱ्याचं थेट प्रक्षेपण लावून बसलो. पावणेपाचच्या सुमारास पडदाभर दगडगोटे आले, त्यानंतरचं चित्र अर्धवटच राहिलं. यान सेकंदाला सहा किलोमीटर वेगाने आदळलं होतं.

जमिनीवर बसलेली धूळ नजरेत भरत नाही, पण तीच कवडशात तरंगू लागली की चमकते. पसरल्यावर उन्हासमोर येणारा पृष्ठभाग प्रचंड वाढतो. डायमॉर्फसवर हेच झालं आणि ठिपका झपाट्याने उजळला. दोन दिवसांनी चिलीतल्या सोअर दुर्बिणीला १०,००० किलोमीटरहून लांब शेपटी दिसली! सूर्यप्रकाशाचा दाब बारीक कणांना लांब ढकलतो, जाड कण मागे राहतात. त्यामुळे शेपटी कशी पसरते यावरून कणांच्या आकाराचा अंदाज बांधता येतो.

बातम्यांमध्ये शेपटीचे फोटो खूप आले, पण तिचं खरं मोल फारसं कुणी सांगितलं नाही, याचं मला वाईट वाटतं. डायमॉर्फसची डिडिमॉसभोवतीची फेरी आधी ११ तास ५५ मिनिटांची होती, ती ३३ मिनिटांनी कमी झाली. दोघे एकमेकांच्या आड आले की ठिपका किंचित मंदावतो, त्या वेळा नोंदवून हे मोजलं. आता गंमत बघा : यानाच्या नुसत्या धक्क्याने एवढा फरक पडला नसता. मागे उसळलेल्या मलब्याने लघुग्रहाला उलट्या दिशेने रेटा दिला आणि एकूण परिणाम यानाच्या संवेगाच्या (वस्तुमान गुणिले वेग) साधारण ३.६ पट झाला. उद्या खरोखरच एखादा लघुग्रह आपल्यावर चालून आला, तर यान केवढं पाठवायचं हे ठरवताना हा मलबा हिशोबात धरावाच लागेल.

मात्र हा ३.६चा आकडा डायमॉर्फसची घनता गृहीत धरून काढलेला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेलं युरोपचं ‘हेरा’ यान २०२६च्या अखेरीस तिथे पोहोचून डायमॉर्फसचं वस्तुमान मोजणार आहे.